निवृत्त झाली, पण डोंगर सोडला नाही

आपल्याकडे गुरुजी निवृत्त झाले की हारतुरे होतात, शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात आणि मागून पेन्शनही चालू होते. आता गावच्या चर्चच्या पाळकाचा विचार करा. राहते घर बहुधा चर्चचे, ते नव्या पाळकासाठी मोकळे करून द्यायचे. पगार पहिल्यापासून बेताचाच. बरे, निवृत्त झाला म्हणून माणसे त्याला सोडतात का? कुणाची आई अंथरुणाला खिळली, कुणाकडे मयत झाली, नवरा-बायकोत बिनसले, की बोलावणे जुन्या पाळकालाच. काम तेच, पगार तेवढा बंद!

हा पेच जुना आहे. तामिळनाडूत, आजच्या नामक्कल जिल्ह्यात, कोल्ली नावाचे डोंगर आहेत. आता वर जायला डांबरी घाट आहे, त्याला ७० अवघड वळणे. रस्ता नव्हता त्या काळात, १९१३ मध्ये, एव्हलिन ब्रँड ही लंडनची बाई लग्न करून नवऱ्याबरोबर तिथे राहायला गेली. नवरा जेसी ब्रँड. दोघांनी दवाखाना काढला, शाळा काढल्या, शेतीच्या चार गोष्टी सांगितल्या. १९२९ मध्ये मलेरियातून उद्भवणाऱ्या काळज्वराने जेसी गेला. बाईने काम सोडले नाही.

पुढे ती सत्तरीला टेकली तेव्हा मिशनच्या कमिटीने सांगितले, बाई, आता पुरे. तिने रदबदली करून आणखी एक मुदत पदरात पाडून घेतली. तीही संपली, निरोप समारंभ झाला, आणि त्या समारंभातच हिने सांगून टाकले की मिशनमधून मी निवृत्त होते, पण मायदेशी जात नाही. उठली आणि सरळ डोंगरावर गेली! पुढची वीसहून अधिक वर्षे ती तट्टावर बसून या पाड्यावरून त्या पाड्यावर फिरत होती. लोक तिला ग्रॅनी, म्हणजे आजी म्हणत.

तिने हाती घेतलेल्या कामांत एक होते नारूचे. आपल्याकडच्या जुन्या माणसांना नारू सांगायला नको. पायातून हातभर दोरा निघायचा आणि माणूस ऐन पेरणीत खाटेवर पडायचा. नारूचा पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडला की किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात, ती बारीक पाणपिसवा गिळतात आणि ते पाणी प्यायले की नारू पोटात. उपाय साधा, विहिरीला कठडा बांधायचा आणि पाणी फडक्याने गाळून प्यायचे. साधा खरा, पण घरोघरी जाऊन तेच तेच सांगणारे माणूस लागते. भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २००० साल उजाडले. ही म्हातारी त्याच्या कितीतरी आधीपासून त्यामागे लागली होती.

आता कमिटी वाईट होती का? मला तसे वाटत नाही. म्हातारे माणूस डोंगरात एकटे, उद्या पडले-झडले तर जबाबदारी कुणाची? आणि झालेही तसेच. ती पडली, हाड मोडले, डोंगरातल्या माणसांनीच उचलून खाली आणले. मुलगा डॉ. पॉल ब्रँड तेव्हा वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत होता. त्यानेही विनवले, आई, आता पुरे कर. तिने दोन बांबूच्या काठ्या घेतल्या आणि पुन्हा डोंगर गाठला. डिसेंबर १९७४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ती गेली. डोंगरावर जेसीच्या शेजारीच तिला पुरले आहे.

निवृत्तीनंतरचे काम म्हणजे तट्टूच पाहिजे असे नाही. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट १९१० मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेत परत गेले. तिथे बसून त्यांनी आपले एकनाथ, तुकाराम, शिऊरच्या बहिणाबाई इंग्रजीत नेल्या. महिपतींच्या भक्तविजयाच्या कामात पंडित नरहर गोडबोले त्यांच्या जोडीला होते. १९३२ मध्ये अॅबट वारले, राहिलेले खंड नंतर बाहेर पडले. गोडबोल्यांसारखा माणूस नसता तर म्हाताऱ्या साहेबाचे हे काम एवढे वाढले असते का, शंकाच आहे.

पण तट्टाचा दाणा, दिव्याचे तेल, टपालाचा खर्च, हे यायचे कुठून? परदेशचा पैसा काही जन्मभर पुरत नाही. मिझोरामच्या बायकांनी १९१० पासून एक रीत पाळली आहे. चूल पेटवताना दर वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचा. तो मंडळातल्या बायका गोळा करतात, विकतात आणि पैसा चर्चच्या व मिशनच्या कामाला लावतात. आपल्याला यात नवे वाटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मुष्टिफंड काढला, तेव्हा साताऱ्याकडच्या मायबहिणींनी जात्यावर बसताना हेच केले होते. पोरांसाठी जमले, ते म्हाताऱ्यांसाठी का जमू नये?

पीक हाती आले की खेड्यातल्या चर्चमध्ये लोक ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबडी असे अर्पण आणतात. तुमच्या गावात जुना पाळक असेल तर यंदा त्या धान्यातले एक पोते कमिटीत बोलून आधीच बाजूला काढून ठेवा. आणि तो भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर भाडे कोण भरतो तेही विचारून घ्या.