टेंडरमधला ‘एल-वन’ नक्की कोण?

परवा मित्राने जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर यूपीएसची बिड उघडली आणि लगेच फोन केला, "अरे, हा एल-वन कोण?"

एल-वन म्हणजे सगळ्यांत कमी दर भरणारा. पण दोन लिफाफ्यांच्या टेंडरमध्ये आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. स्पेसिफिकेशन किंवा कागदपत्रांत बाद झालात, तर तुमचा दर कुणी बघतही नाही.

‘ईएमडी’ म्हणजे बयाणा. केंद्राच्या नियमांत तो अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला माफ, नुसत्या ट्रेडरला नाही. इथे बरेच जण गंडतात.

खरी गंमत पुढे आहे. समजा एल-वन मोठी कंपनी, दर १०,००० रुपये. तुम्ही छोटे उत्पादक, दर ११,४००. गेलं काम? नाही! फरक १५ टक्क्यांच्या आत आहे. १०,००० वर यायला तयार असाल, तर २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार ऑर्डरमधला हिस्सा तुम्हाला मिळू शकतो, अगदी २५ टक्क्यांपर्यंत. ऑर्डर विभागता येत नसेल, तर ती पूर्णही मिळू शकते.

आणि हो, ‘एटीसी’ म्हणजे खरेदीदाराच्या जादा अटी. बिडच्या पार तळाशी असतात. मित्राने त्या वाचल्याच नव्हत्या!