अंडकोश द्रवार्बुद शस्त्रक्रिया

अंडकोश द्रवार्बुद शस्त्रक्रिया : स्त्रीच्या श्रोणीत (ओटीपोटाच्या पोकळीत) गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या अंडकोशांपैकी एकात वा दोहोंत निर्माण झालेली द्रवयुक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया. अशा गाठीला द्रवार्बुद किंवा व्यवहारात सिस्ट म्हणतात. प्रजननक्षम वयात आढळणारी बहुसंख्य द्रवार्बुदे अंडकोशाच्या मासिक कार्यातूनच उद्भवतात व दोन-तीन ऋतुचक्रांत आपोआप नाहीशी होतात. त्यामुळे शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे काय, याची खात्री करून घेणे ही पूर्वतयारीची पहिली पायरी होय. गाठ टिकून राहणे वा वाढत जाणे, वेदना होणे, गाठीत घन भाग दिसणे किंवा कर्करोगाचा संशय येणे ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे आहेत. गाठीसह अंडकोशाला पीळ पडल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन ओटीपोटात अकस्मात तीव्र वेदना व वांत्या सुरू होतात. अशा वेळी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते व वेळीच पीळ सोडविल्यास अंडकोश बहुधा वाचविता येतो.

इतिहास : अंडकोशाचे अर्बुद पोट उघडून यशस्वीपणे काढल्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया ईफ्राइम मॅक्डॉवेल यांनी डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील डॅनव्हिल येथे केली. रुग्ण जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या पोटाचा वाढलेला घेर गर्भधारणेमुळे आहे, असा समज झाला होता. मॅक्डॉवेल यांनी खरे निदान व संभाव्य धोका त्यांना स्पष्टपणे सांगितला. त्यानंतर त्या सु. १०० किमी. अंतर घोड्यावरून कापून डॅनव्हिलला आल्या. ईथरच्या साह्याने होणाऱ्या शुद्धिहरणाचे (भूल देण्याचे) जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये झाले. त्यामुळे ही शस्त्रक्रिया भूल न देताच करावी लागली. काढलेल्या अर्बुदाचे वजन सु. १० किग्रॅ. होते. पाचव्या दिवशी त्या स्वतःचे अंथरूण आवरताना आढळल्या, २५ दिवसांनी घरी परतल्या आणि पुढे १८४२ पर्यंत जगल्या.

पूर्वतयारी : सोनोग्राफीने गाठीचा आकार व अंतर्रचना समजते. रक्तातील रक्तारुण (हीमोग्लोबिन) व साखर, रक्तगट, गर्भधारणा आहे किंवा नाही आणि वयानुसार हृदयाचे कार्य यांची तपासणी केली जाते. ‘सीए-१२५’ या द्रव्याचे रक्तातील प्रमाण कर्करोगात वाढते, परंतु ते श्रोणीतील दाहात व ऋतुस्रावाच्या काळातही वाढू शकते. म्हणून केवळ त्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. पांडुरोग (रक्तक्षय) असल्यास व अवधी मिळाल्यास तो आधी दूर करणे हितावह असते. रक्त पातळ करणारी, मधुमेहावरील व गर्भनिरोधक औषधे चालू असल्यास वैद्यास सांगावीत, ती स्वतःहून बंद करू नयेत. धूम्रपान, तंबाखू व मिश्री शक्य तितक्या आधी सोडावीत. सामान्यतः शुद्धिहरणापूर्वी सहा तास अन्न व दोन तास पाणी वर्ज्य असते.

संमती : पूर्वतयारीत सर्वांत महत्त्वाचा व बहुधा सर्वांत उपेक्षित भाग संमतीचा होय. केवळ गाठ सोलून काढणार की संपूर्ण अंडकोश, गाठ कर्करोगाची वाटल्यास काय करणार आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करावी लागल्यास काय, हे रुग्णाने स्वतः समजून घेऊनच स्वाक्षरी करावी. ही माहिती केवळ पती वा नातेवाईक यांना देणे पुरेसे नाही. एक अंडकोश काढला, तरी दुसरा निरोगी असल्यास ऋतुस्राव चालू राहतो व गर्भधारणाही होऊ शकते. ऋतुनिवृत्तीपूर्वी दोन्ही काढल्यास मात्र ऋतुस्राव कायमचा थांबतो, अंगातून गरम वाफा आल्यासारखे वाटते व हाडे लवकर विरळ होऊ लागतात. अपत्याची इच्छा असल्यास ती आधीच सांगणे अगत्याचे आहे.

पद्धती : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून लहान छेदांतून उपकरणे घालतात. गाठ फार मोठी असल्यास किंवा कर्करोगाचा संशय असल्यास बहुधा उदरपाटन (पोट उघडणे) करावे लागते.

पश्चात्‌ काळजी : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत, तर उदरपाटनानंतर काही दिवसांनी घरी जाता येते. पहिले काही दिवस खांदा दुखणे हे पोटातील वायूमुळे मध्यपटलाचा क्षोभ झाल्याचे लक्षण असून ते आपोआप थांबते. विश्रांती म्हणजे अंथरुणास खिळून राहणे नव्हे. लवकर उठून चालल्याने पायांतील नीलांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो व आतड्यांची हालचालही लवकर पूर्ववत्‌ होते. खोकताना पोटावर उशी धरल्यास वेदना कमी होतात. भाताने वा आंबट पदार्थांनी जखम चिघळते, हा समज निराधार आहे. उलट डाळी, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार जखम भरून येण्यास उपयुक्त असतो. नेहमीची कामे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत, उदरपाटनानंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येतात. तोपर्यंत भरलेली कळशी, धान्याचे पोते वा गॅसचे सिलिंडर उचलू नये.

३८° से.हून अधिक ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत वांत्या, जखमेतून पू येणे, योनिमार्गे दुर्गंधीयुक्त वा अतिरिक्त स्राव, एका पोटरीस सूज व वेदना किंवा धाप लागणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्वरित रुग्णालयात जावे.

काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी पाठवितात. गाठीच्या स्वरूपाचा अंतिम निर्णय या तपासणीच्या अहवालावर अवलंबून असतो. जखम भरून आली, म्हणजे उपचार संपला असे नव्हे. अहवाल घेऊन वैद्यास दाखविणे व तो जपून ठेवणे आवश्यक आहे, कारण काही प्रकारची द्रवार्बुदे पुन्हा उद्भवू शकतात व त्या वेळी पूर्वीची नोंदच मार्गदर्शक ठरते.