पडदा काळा होतो तेव्हा

काम ऐन रंगात आलेलं असतं आणि कॉम्प्युटरचा पडदा एकदम काळा होतो. पंखा घरघरू लागतो, स्पीकरमध्ये शेवटचा सूर अडकून बसतो. कधी दोन क्षणांत चित्र परत येतं, कधी मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं. दुकानात नेलं, की निकाल ठरलेला : ‘ग्राफिक्स कार्ड गेलं.’ आज मला या निकालाविरुद्ध अपील करायचं आहे.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या भानगडीत पडलो तो भाच्यामुळे. तो सोलापुरात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मे महिन्यातली लग्नसराई, पाच घरांचं काम अंगावर, आणि तयार व्हिडिओ बाहेर काढायला लावला की मशीन बंद. ‘‘मामू, दुकानदार म्हणतो नवं कार्ड टाका. तीस हजार.’’ तीस हजार म्हणजे त्याची त्या मोसमातली निम्मी कमाई. मी म्हटलं, ‘‘अरे, दोन दिवस पैसे खिशात राहू दे.’’ गझलेतला एखादा मिसरा अडखळला तर आपण अख्खी गझल फाडत नाही. एक शब्द बदलतो, पुन्हा म्हणून बघतो. एका वेळी एकच. दोन बदलले तर चूक कुठं होती ते कळतच नाही.

आधी हे कार्ड करतं काय, ते बघू. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि प्रत्येकाचा रंग सेकंदाला निदान ६० वेळा नव्यानं ठरवायचा असतो. हे काम ग्राफिक्स कार्ड करतं. भाच्याकडचं आरटीएक्स ३०६० हे २०२१चं मध्यम कुवतीचं कार्ड. त्यातसुद्धा हिशेब करणारे ३,५८४ छोटे कारकून बसलेले आहेत. नुसतं पत्र टाइप करताना त्यातले बहुतेक डुलक्या घेत असतात. व्हिडिओ किंवा गेम सुरू झाला, की सगळे एकदम कामाला लागतात आणि कार्डाची विजेची भूक क्षणात १७० वॉटपर्यंत जाते. बिघाड नेमका अशा वेळी दिसतो, तो यामुळे.

‘डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं’ हा संदेशही नीट समजून घेतला पाहिजे. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून एक पहारेकरी बसवलेला आहे. कार्डाला काम दिल्यावर तो साधारण दोन सेकंद वाट बघतो. उत्तर आलं नाही, तर कार्डाला हलवून जागं करतो आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतो. तेही जमलं नाही, तर निळा पडदा येतो. म्हणजे उत्तर कुणी दिलं नाही एवढंच हा संदेश सांगतो. का दिलं नाही, हे सांगत नाही. ताप आला म्हणजे कोणता रोग झाला, हे जसं कळत नाही, तसंच.

म्हणून पहिलं हत्यार म्हणजे वही. मशीन कधी बंद पडलं, तेव्हा काय चालू होतं, कार्डाचं तापमान किती होतं आणि नेमकं काय दिसलं, हे लिहून ठेवा. तापमान दाखवणारे जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्रॅम फुकट मिळतात. विंडोजमधल्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मशीनची स्वतःची रोजनिशीही असते. त्यात ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद असेल, तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झालेला असतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ असेल, तर मशीन रीतसर बंद न होता एकदम गेलेलं असतं. दुसरी नोंद सापडली, तर माझा संशय आधी विजेवर जातो.

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसत असतील तर एक सोपी युक्ती आहे. स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून बघा. फोनवरही रेघा दिसल्या तर खोट कार्डाच्या बाजूला. तिथं चित्र स्वच्छ असेल तर मॉनिटर आणि त्याची केबल तपासा. विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचं चिन्ह दिसतं त्या पडद्यावरच रेघा असतील आणि केबल बदलूनही त्या जात नसतील, तर मात्र कार्डाचं खरंच काही खरं नाही.

ड्रायव्हरची तपासणी फुकटात होते. नवा ड्रायव्हर घातल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर मागच्या आवृत्तीवर या. ‘नवं ते चांगलं’ हा नियम इथं चालत नाही. मार्च २०१०मध्ये एनव्हिडिया कंपनीनं १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घेतला होता, कारण त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते. जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा, तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हा प्रोग्रॅम चालवतात. आणि कुणी हौसेनं कार्डाचा वेग वाढवून ठेवला असेल, तर तो आधी मूळ जागी आणा.

धूळ आणि उष्णता. सोलापूर-विदर्भाकडच्या वाचकांना उन्हाळा मी काय सांगणार! खोलीतच ४२ अंश असेल, तर पंखा बिचारा तीच गरम हवा फिरवणार. मशीनची वायर काढा, कॅबिनेट उघडा, ब्लोअरनं धूळ उडवा. मात्र उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून निकामी होतं. पण सगळं खापर उष्णतेवर फोडू नका. आजची कार्डं तापली की आधी आपला वेग कमी करतात, बंद पडतात ती त्याच्या पुढची पायरी. भाच्याच्या वहीत मशीन बंद पडतानाचं तापमान ७२ अंश होतं. इतक्या तापमानाला असं कार्ड सहज चालतं.

मग राहिली वीज. कॅबिनेटच्या कोपऱ्यात जो लोखंडी डबा असतो, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कार्डासाठी तीस हजार मोजणारा माणूस कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावर ते चालवतो. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. बाकीची वीज थेट या डब्यातून, वेगळ्या वायरीनं येते. आठ टोकांचा एक प्लग १५० वॉटसाठी असतो. कार्डाला दोन प्लग लागत असतील, तर एकाच वायरीचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र वायरी लावणं बरं. प्लग पूर्ण बसलाय की नाही, हेही डोळ्यांनी बघा. २०२२ साली आरटीएक्स ४०९० हे महागडं कार्ड आलं, तेव्हा त्याचे सोळा टोकांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बऱ्याच ठिकाणी प्लग अर्धवट बसलेला होता.

भाच्यानं एका मित्राचा चांगला एसएमपीएस एका रात्रीपुरता मागून आणला. बाकी काहीही बदललं नाही. पाचही घरांचे व्हिडिओ पहाटेपर्यंत निघाले. नंतर त्यानं नवा डबा घेतला, तो तीस हजारांच्या पाचव्या हिश्शात आला. कार्ड तेच आहे. यूपीएसचंही असंच असतं. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. वीज गेली त्या क्षणी कार्ड भरात असेल, तर तो मान टाकतो आणि नाव कार्डाचं होतं.

आरोपी भलताच असण्याचं मोठं उदाहरण २०२४चं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या ताकदवान प्रोसेसरांवर गेम खेळताना लोकांना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊ लागला. मेमरी तर भरपूर शिल्लक होती. लोकांनी ड्रायव्हर बदलून बघितले, कार्डांवर शंका घेतली. शेवटी कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियालाच सांगावं लागलं, की या तक्रारी घेऊन इंटेलकडे जा. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि तो आतून झिजत होता. ऑगस्ट २०२४पासून दुरुस्ती बायॉस अपडेटमधून येऊ लागली, इंटेलनं वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटनं बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. असा प्रोसेसर तुमच्याकडे असेल, तर कार्डाआधी तो बघा. रॅमसाठी ‘मेमटेस्ट ८६’ रात्रभर लावून ठेवता येतो.

एवढं करूनही त्रास राहिला, तर कार्ड काढून दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावा. तिथंही पडदा काळा झाला तर दुकानदार बरोबर होता, आपलं अपील फेटाळलं गेलं. मग वॉरंटीची तारीख बघा, बिल शोधा, कार्डावरचं स्टिकर फाडू नका. कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे सल्ले मिळतात, ते ऐकू नका. क्वचित ते चार दिवस चालतं, पण वॉरंटी गमावते आणि ज्या ओव्हनमध्ये उद्या नानखटाई भाजायची, त्यात प्लास्टिकचा विषारी धूर भरतो.

आणि नवं परवडत नाही म्हणून जुनं घेणार असाल, तर एक लक्षात ठेवा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ते ‘खणण्या’साठी रात्रंदिवस राबलेली कार्डं मोठ्या संख्येनं जुन्या बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नाहीत, पण पंखे आणि थर्मल पेस्ट दमलेले असू शकतात. विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास फरमार्कसारखा चाचणीचा प्रोग्रॅम लावा, तापमान कुठं जाऊन थांबतं ते बघा, पंख्याचा आवाज ऐका, आणि पैसे त्यानंतर मोजा.