"कोणासाठी पायजे भाऊ?" गांधीबागचा दुकानदार विचारतो, ग्रंथपालानेही विचारावं

गांधीबाग (नागपूर) : लग्नसराई आली की काटोल-नरखेडकडची मंडळी कापड घ्यायला गांधीबागच्या ठोक बाजारात येतात. दुकानदार गादीवर बसल्या बसल्या आधी विचारतो, "कोणासाठी पायजे भाऊ? नवरीचं का देण्याघेण्याचं? किती नग?" दोन-तीन प्रश्नांत त्याला अंदाज येतो आणि नेमका तोच गठ्ठा तो काढतो. हेच काम वाचनालयातल्या ग्रंथपालाचंही आहे, हे मात्र आपल्या गावात फारसं कोणी धरत नाही.

माझंच सांगतो. बागेत संत्र्याच्या खोडातून डिंक गळायला लागला तेव्हा मी एका वाचनालयात गेलो. विचारलं, "संत्र्याचं पुस्तक आहे का?" उत्तर मिळालं, "तिकडच्या कपाटात पाहा." एक जाडं पुस्तक सापडलं, त्यात कलमं कशी लावायची तेवढंच होतं. चूक माझीही, मी डिंक्याचं नावच घेतलं नाही. पण "झाडाला काय झालं?" एवढं कोणी विचारलं असतं तर खोडाला बोर्डो पेस्ट लावायचं मला तेव्हाच कळलं असतं. नाहीतर निदान, अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे जा, असं तरी समजलं असतं. त्या हंगामात काही झाडं गेली.

ग्रंथालयशास्त्रात या कामाला संदर्भ सेवा म्हणतात. माणूस मागतो एक, त्याला हवं असतं दुसरंच. अमेरिकेतल्या वुस्टर शहराचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ मध्येच मांडलं होतं की लोक विचारायला बुजतात, म्हणून ग्रंथपालाने स्वतःहून आपुलकीने बोलावं. आपले एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं एक आख्खं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. हार घालतो आणि घरी जातो.

आता पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा घ्या. तो म्हणतो, "भरतीचं पुस्तक द्या." त्याला विचारावं, मैदानी झाली का? अडतं कुठे, गणितात का बुद्धिमत्तेत? जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या का? पुस्तक नसेल तर नुसतं "नाही" म्हणून थांबू नये, कुठे मिळेल ते सांगावं. बाईमाणूस आजाराबद्दल किंवा कर्जाबद्दल विचारत असेल तर आवाज खाली ठेवावा, बाकीच्यांनी ऐकायचं कारण नाही.

हे शिकायची सोय आहे. ग्रंथालय प्रशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग असतो, पदवीधरांसाठी नागपूर विद्यापीठात बी. लिब. आहे. पण वर्गीकरण आणि नोंदी पुस्तकातून येतात, बोलणं समोरच्या माणसाशी बोलूनच येतं.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान अ, ब, क, ड अशा वर्गावर ठरतं आणि पगार त्यातूनच निघतो. 'ड' वर्गाच्या गावात ग्रंथपाल सकाळी वावरात राबतो, संध्याकाळी कुलूप उघडतो. थकलेला माणूस "कपाटात पाहा" म्हणतो, यात नवल नाही. म्हणून वाचनालयात गेलं की आपणच अर्धं काम सोपं करावं. नुसतं "संत्र्याचं पुस्तक" म्हणू नये, "खोडातून डिंक गळतो, त्याचं काय आहे?" असं विचारावं.