‘इज’ की ‘आर’? मुद्दा कोणता, चूक कोणाची?

रविवारी रात्री जेवणे आटोपली, की गंगापूर रोडवरील अनेक घरांत तीन पिढ्यांच्या गप्पा रंगतात. अशाच एका घरी विषय निघतो ॲपल कंपनीचा. “यांनी नवे ते काय केले?” असे विचारून आयुष्यभर पेढी सांभाळलेले आजोबा भरात इंग्रजीत ‘ॲपल आर...’ अशी सुरुवात करतात. “आजोबा, ‘आर’ नव्हे, ‘इज’!” संगणक अभियांत्रिकी शिकणारा नातू हसत सांगतो. सारे हसतात, आजोबा गप्प होतात आणि त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

वास्तविक प्रश्न बिनबुडाचा नव्हता. आयबीएमचा ‘सायमन’ हा टचस्क्रीनचा फोन १९९४ मध्येच विक्रीस आला होता. आयफोन आला २००७ मध्ये. डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकाचा माऊस तर १९६८ मध्येच जाहीरपणे दाखवला होता.

यावर नातवालाही उत्तर देता आले असते, आणि तेही नाशिकच्या मातीतले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाच्या कॅमेऱ्याचा शोध लावला नव्हता. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी तो विकत आणला. तरीही १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने भारतात एका नव्या उद्योगाचा पाया घातला. शोध लावणे वेगळे आणि उपलब्ध साधनांतून लोकांना हवेसे काही उभे करणे वेगळे. व्यापाऱ्याला हा भेद लगेच पटतो.

गंमत अशी, की आजोबांचे इंग्रजीही चुकलेले नव्हते. ब्रिटिश इंग्रजीत कंपनी वा संघ अशा समूहाच्या नावापुढे ‘आर’ चालते. अमेरिकन वळण ‘इज’चे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही सभासदांहून वेगळी अशी एक व्यक्ती असते. १८९७ मध्ये सालोमन या बूट व्यावसायिकाच्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व पक्के केले. भागीदारी पेढी मात्र १९३२ च्या कायद्यानुसार भागीदारांचा समूहच ठरते. ज्यांनी जन्मभर पेढी म्हणजे माणसे असेच मानले, त्यांच्या तोंडी ‘आर’ येणे स्वाभाविकच. शिवाय ॲपलचे १९९७ चे ‘थिंक डिफरंट’ हे घोषवाक्यही व्याकरणाच्या आग्रही मंडळींना खटकले होते. त्यांच्या मते तेथे ‘डिफरंटली’ हवे होते.

याचा अर्थ व्याकरण निरुपयोगी आहे, असा नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या ओव्हरटाइमविषयक कायद्यात एक स्वल्पविराम नव्हता. त्यावरून एका दुग्धव्यवसाय कंपनीचे चालक न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. करारनामा, भागीदारीपत्र, मृत्युपत्र येथे शब्दन् शब्द तपासावाच.

जेवणानंतरची गप्पांची बैठक मात्र करारनामा नव्हे. चारचौघांत एकदा हसू झालेले वडीलधारे पुढच्या वेळी इंग्रजीच नव्हे, बोलणेच टाळतात. उधारी कोणाला द्यावी, माल केव्हा धरून ठेवावा, भागीदार कसा पारखावा, हे कोणत्याही पुस्तकात न सापडणारे ज्ञान मग त्यांच्यापाशीच राहते. तेव्हा आधी मुद्द्याला उत्तर द्यावे; क्रियापदाचे नंतर, एकांतात सांगता येते. तेही आधी शब्दकोश उघडून पाहिल्यावर!