उत्तर बरोबर, प्लग जळाला

इन्स्पेक्शनची आदली रात्र कशी असते ते कॅडेट्सना सांगायला नको. पालकांसाठी सांगतो: डॉर्मिटरीत चाळीस मुलं, चाळीस युनिफॉर्म आणि इस्त्रीसाठी कोपऱ्यातलं एकच सॉकेट. या सत्रात एकदा रांग इतकी लांबली की हाउस कॅप्टनने मला विचारलं, “एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोन इस्त्र्या लावल्या तर चालेल का रे?” मला विचारलं, कारण विजेच्या धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. इस्त्रीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असं लिहिलेलं. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणून १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर. दोन इस्त्र्यांचे ८.७. पॅनेलमधला एमसीबी १६ अँपिअरचा. “आरामात चालेल,” मी म्हणालो.

अर्ध्या तासात जळकट वास सुटला. कॅप्टनने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. एक्स्टेंशनचा प्लग एका पिनजवळ वितळून सॉकेटला चिकटला होता. सॉकेटच्या खालीच सातवीतल्या एका मुलाची खाट. तो गाढ झोपलेला आणि त्याची रजई भिंतीला टेकलेली. एमसीबी मात्र पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन भैया आले. त्यांनी आधी मला सॉकेटवरचे बारीक अक्षर वाचायला लावले: ६ अँपिअर. माझ्या गणितात हा आकडा कुठेच नव्हता. मी वायरीच्या रक्षकाला विचारलं, वाटेतल्या सगळ्यात कमजोर जागेला विचारलंच नाही. पण मला अजून एक कोडं होतं. सहाच्या जागी आठ-नऊ अँपिअर गेल्याने अर्ध्या तासात प्लास्टिक वितळावं?

भैयांनी हाउसमास्टर सरांसमोर, स्वतःच्या हाताने, एका मिनिटापुरत्या दोन्ही इस्त्र्या पुन्हा चालू केल्या. (हे कोणीही घरी किंवा हाउसमध्ये करून बघू नये. २३० व्होल्टला हात लावायचं काम त्यांचं, वहीत आकडे लिहायचं काम माझं.) क्लॅम्प मीटर मी अख्ख्या केबलभोवती धरला तर शून्य! जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. भैयांनी हसत बोर्ड उघडून एकच वायर मीटरच्या चिमट्यात घेतली, तेव्हा ७.८ अँपिअर दिसले. मग व्होल्टेज मोजलं. भिंतीवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये २१४, एक्स्टेंशन बोर्डावर २०६.

म्हणजे भिंतीपासून बोर्डापर्यंत, दोन मीटरच्या वाटेत, आठ व्होल्ट हरवले होते. मला इथे ओहमचा नियम पहिल्यांदा खरा उपयोगी पडला. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट: ८ ÷ ७.८, साधारण १ ओहम. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. जाऊन-येऊन चार मीटर धरले तर ०.०७ ओहम, म्हणजे अर्धा व्होल्ट. उरलेले साडेसात व्होल्ट कुठे गेले? वायर कोमट होती आणि प्लग तापलेला होता. सॉकेटच्या आतली पत्ती सैल झाली होती, पिनला नीट धरत नव्हती. सगळा रोध त्या एका जागी.

आता पॉवर काढा: ७.५ × ७.८ = ५८ वॅट. आमच्या वर्कशॉपमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे आणि तो कथील वितळवतो. सातवीच्या मुलाच्या उशाशी, प्लास्टिकच्या आत, तसे दोन आयर्न आम्ही लावून ठेवले होते.

एमसीबी का पडला नाही तेही यात आलं. तो फक्त जास्तीचा करंट ओळखतो. सैल जोडणीमुळे वाटेतला रोध वाढतो, त्यामुळे करंट उलट किंचित कमीच होतो. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं.

एकच इस्त्री असती तर? करंट जवळपास निम्मा झाला असता, पण त्या जागेची उष्णता निम्मी नाही, पावपट. पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. ५८ वॅटच्या जागी १५. जूल यांनी १८४१ मध्ये हेच दाखवलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहिलंही होतं. (१५ वॅटही प्लगला चांगले नाहीतच.)

जाता जाता आणखी एक. इस्त्रीचा रोध २३० ÷ ४.३५ म्हणजे ५२.९ ओहम. प्लग काढून थंड इस्त्रीला मल्टिमीटर लावला तर आकडा त्याच्या जवळच येतो, कारण नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. १०० वॅटच्या जुन्या बल्बला मात्र हे लावू नका. गणिताने ५२९ ओहम येतात आणि थंड बल्ब मोजला तर चाळीसच्या आसपास. मला वाटलं मीटर बिघडला. तसं नाही, पेटलेली टंगस्टनची तार खरंच इतकी बदललेली असते. आणि २०६ व्होल्टवर आमची “१००० वॅट”ची इस्त्री ८०२ वॅटच देत होती. व्होल्टेज दहा टक्के कमी, पॉवर वीस टक्के कमी. क्रीज बसत नाही अशी तक्रार मुलं करायची ती खोटी नव्हती.

शिक्षा म्हणून मला तीन दिवस एक्स्ट्रा ड्रिल मिळाली, ती योग्यच होती. सातवीतल्या मुलाची खाट तिथून हलवली. त्याने मला विचारलं, “भैया, माझी रजई जळली असती का?” मी हो म्हणालो.

आता तिथे १६ अँपिअरचं सॉकेट, जाड वायरीचा नवा बोर्ड आणि एका वेळी एकच इस्त्री आहे. नवीन जोडणी झाल्यावर भैयांनी माझ्या हट्टाखातर पुन्हा एकदा दोन्ही इस्त्र्या लावून मोजलं. भिंतीवर २१४, बोर्डावर २१३. एक व्होल्ट गुणिले ८, म्हणजे आठ वॅट, तेही सगळ्या वायरभर पसरलेले. स्विच बंद केल्यावर मी प्लगला हात लावून पाहिला. गार होता.