खडकवासल्याची प्रबोधिनी

दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघरीं मुलांच्या पुढील शिक्षणाची वाटाघाट सुरू होते. वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक, हिशेबतपासनिसाची परीक्षा अशीं नांवें एकामागून एक निघतात. एखादे काका परदेशाचें नांव काढतात. सैन्याचें नांव मात्र बहुधा निघत नाहीं, आणि निघालेंच तर तें थट्टेनें निघतें. आम्ही चिकलठाण्यास राहतों. येथून जालना रस्त्यानें शहरांत गेलें म्हणजे महाराष्ट्र शासनानें १९७७ सालीं स्थापिलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावी झालेल्या मुलांची परीक्षा व मुलाखत घेऊन त्यांस निवडावयाचें, अकरावी-बारावीचीं दोन वर्षें जवळ ठेवून घ्यावयाचें आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस तयार करावयाचें, हेंच तिचें काम. इतकी सोय दारीं असतांना आमच्या आळींतील घरांत तिची चौकशी करणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच आम्हांस आढळलीं. चौकशी नाहीं, ह्याचें कारण ज्या प्रबोधिनीकडे ही वाट जाते तिचीच नीटशी ओळख आमच्या घरांस नाहीं. ती थोडीबहुत करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आधीं नांवाविषयीं दोन शब्द लिहूं. मास्तरकीची खोड जात नाहीं. हिंदींत तीस 'अकादमी' म्हणतात. अथेन्स नगराबाहेरील ज्या उपवनांत प्लेटो शिष्यांस शिकवी, त्याच्या नांवावरून हा शब्द जगभर पसरला. मराठीनें 'प्रबोधिनी' पत्करलें. बुध् धातु, त्याचें प्रयोजक रूप, मागें 'प्र' हा उपसर्ग. अर्थ, 'नीट जागें करणारी'. कार्तिकांतल्या एकादशीस देवाला जागें करतात ती प्रबोधिनी आपल्या घरांतील बायकामुलांसही ठाऊक आहे. खडकवासल्यास सतराअठरा वर्षांच्या मुलांस उजाडण्यापूर्वीं उठवितात, तेव्हां नांव यथार्थ आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या संस्थेचें मूळ मात्र पुण्यांतही नाहीं व दिल्लींतही नाहीं. तें आफ्रिकेंत आहे, आणि हीच गोष्ट आम्हांस सर्वांत सांगण्यासारखी वाटते. १९४० सालीं इटलीच्या फौजांनीं ॲबिसीनिया व एरिट्रिया ह्या बाजूंनीं सुदानच्या सरहद्दीवर चाल केली. सुदानावर त्या वेळीं इंग्रज व मिसर ह्यांचा संयुक्त अंमल होता. त्याच्या रक्षणार्थ हिंदी सैन्याच्या चौथ्या व पांचव्या डिव्हिजननीं झुंज घेतली. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें एरिट्रियांतील केरेन येथें मोठी लढाई झाली. उभे डोंगर, माथ्यावर शत्रूच्या तोफा, आणि पुढें जावयास एकच अरुंद खिंड. ज्यांनीं सह्याद्रीच्या वाटा तुडविल्या आहेत त्यांस त्या जागेची कल्पना सहज येईल. पांचव्या डिव्हिजनमध्यें मराठा पायदळाची एक पलटण होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी ह्या बाजूंचीं शेतकऱ्यांचीं पोरें तींत होतीं. २७ मार्च १९४१ रोजीं केरेन पडलें. परंतु त्यापूर्वीं किती जण त्या उघड्या खडकांवर कायमचे राहिले!

सुदानच्या सरकारनें ह्या हिंदी शिपायांच्या स्मारकासाठीं एक लाख पौंडांची देणगी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या हवालीं केली. हें स्मारक पुतळ्याचें किंवा स्तंभाचें नसावें, तर तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांस एकत्र शिकविणारी संस्था हेंच स्मारक व्हावें, असें पुढें ठरलें. सेनापति आकिन्लेक ह्यांच्या समितीनें देशोदेशींच्या सैनिकी विद्यालयांचा विचार करून, विशेषतः अमेरिकेंतील वेस्ट पॉइंटचा नमुना डोळ्यांपुढें ठेवून, १९४६ च्या अखेरीस आपला अहवाल दिला. फाळणी झाली, देणगीचीही वांटणी झाली, व सत्तर हजार पौंड आपल्या वांट्यास आले. ज्यांच्या रक्ताचें हें मोल आलें, त्यांतील पुष्कळांस सही करतां येत नव्हती. आमचे वाडवडील त्याच सुमारास कचेऱ्यांतून व शाळांतून लेखणी चालवीत होते. ह्यांत कोणास दोष देण्याचा हेतु नाहीं. मात्र वारसा कोणाकडून कोणाकडे आला, हें मोकळेपणानें सांगितलेलें बरें.

जागेची निवडही योगायोगानेंच झाल्यासारखी आहे. मुठेवर एकोणिसाव्या शतकांत धरण बांधून झालेला खडकवासल्याचा तलाव, त्याच्या उत्तर कांठावर महायुद्धाच्या काळांतलें एक प्रशिक्षणकेंद्र, आणि तेथें 'अँगोस्टुरा' ह्या नांवाचें, कधींही समुद्र न पाहिलेलें, शिकवणीपुरतें उभारलेलें लुटुपुटीचें जहाज. मुंबई राज्यानें ८००० एकरांवर जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंनीं कोनशिला बसविली. तोंवर मुलांचें शिक्षण थांबलें नव्हतें. १ जानेवारी १९४९ पासून डेहराडून येथें तिन्ही दलांचीं मुलें एकत्र शिकत होतींच. डिसेंबर १९५४ मध्यें संस्था खडकवासल्यास आली व १६ जानेवारी १९५५ रोजीं उद्घाटनाचा समारंभ झाला. भूदल, नौदल व वायुदल ह्या तिघांचीं मुलें पहिल्या दिवसापासून एका छताखालीं शिकतात, ही योजना त्या काळीं जगांतही नवी होती.

आम्ही शाळेच्या मुलांस घेऊन, रीतसर परवानगी काढून, एकदां तेथें गेलों होतों. दुरूनच नजरेंत भरतो तो सुदान ब्लॉक. काळा पाषाण, जोधपूरचा तांबडा दगड, कमानींच्या ओळी, पडव्या, आणि वर घुमट. हिचें उद्घाटन ३० मे १९५९ रोजीं सुदानचे भारतांतील तत्कालीन राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला ह्यांच्या हस्तें झालें. आंत शिरल्यावर पांढऱ्या संगमरवराच्या दालनांत, येथें शिकून परमवीरचक्र वा अशोकचक्र मिळविलेल्या अधिकाऱ्यांचीं चित्रें लावलेलीं आहेत. इतर पाहण्यासारखें पुष्कळ आहे: व्यासांच्या नांवाचें ग्रंथालय, युद्धांत हस्तगत केलेले रणगाडे, तलावाकांठची नौकानयनाची जागा, घोड्यांचे तबेले. आमच्याबरोबरच्या मुलांस मात्र सर्वांत अचंबा वाटला तो भोजनगृहाचा. सुमारें दोन हजार मुलें तेथें एकाच वेळीं जेवावयास बसतात. एकत्र कुटुंबांत वीस पानें वाढतांना ज्यांची तारांबळ उडते, त्या आमच्या वाचकभगिनींनीं ह्या पंगतीची कल्पना करावी.

तलावापलीकडे दक्षिणेस सिंहगड उभा आहे. मुलांच्या तीन वर्षांच्या जीवनांत तो पाठ्यपुस्तकांतला किल्ला राहत नाहीं. तो पायांखालचा होतो. पाठीवर ओझें घेऊन तेथें जाणें हें शिक्षणांतही येतें व शिक्षेंतही. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेलीं हीं मुलें त्यास 'सिंगढ' म्हणतात, हें ऐकून आमच्यासारख्याच्या कानास बोचतें. परंतु ज्यानें तो चढून उतरून घाम गाळला आहे, त्याच्या उच्चाराच्या चुका काढावयाचा अधिकार पायथ्याशीं भजीं खाणाऱ्यास कितपत आहे? एका शिबिरास तोरण्याचें नांव आहे. तानाजीचें नांव कधीं न ऐकलेला मणिपूरचा मुलगा त्याच्या गडाच्या वाटा आपल्या मुलापेक्षां अधिक जाणतो, ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते व थोडी टोंचतेही.

संस्थेचें ब्रीद संस्कृत आहे: 'सेवा परमो धर्मः'. व्याकरण शिकणाऱ्या मुलांस आम्ही हें उदाहरण देत असूं. उद्देश्य स्त्रीलिंगी, विधेय पुल्लिंगी, आणि विशेषण विधेयाच्या मागें जाणारें. पण खरी मौज अर्थाची आहे. ज्या जुन्या वचनांत अहिंसेस परमधर्म म्हटलें आहे, त्याच घडणीचें हें वाक्य शस्त्रें शिकविणाऱ्या संस्थेनें घेतलें आणि अहिंसेच्या जागीं सेवा घातली. हिंसा घातली नाहीं, शौर्यही घातलें नाहीं. शब्द निवडणारा कोणी जाणता असला पाहिजे.

परंपरांपैकीं एक आमच्या वाचकांस फार ओळखीची वाटेल. मुलगा आला कीं तो एका स्क्वॉड्रनचा होतो, आणि जन्मभर तिचाच राहतो. पांढऱ्या मिशांचे दोन निवृत्त अधिकारी प्रथम भेटले म्हणजे एकमेकांस स्क्वॉड्रन व तुकडीचा क्रमांक विचारतात. आमच्याकडे लग्न जमवितांना गोत्र व प्रवर विचारतात, तसेंच तें. दुसरी गंभीर आहे. छात्रांनीं आपल्या श्रमांनीं बांधलेलें एक छोटेंसें स्मृतिगृह तेथें आहे. येथून शिकून गेलेल्या व कामीं आलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें तेथें जपलीं आहेत. जुने विद्यार्थी जमले म्हणजे तेथें जाऊन पुष्पचक्र वाहतात. १९६१ च्या डिसेंबरांत काँगोंत पडलेले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया हे ह्या प्रबोधिनीचे पहिले परमवीर. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतर नदीच्या रणांगणावर पडलेले अरुण खेत्रपाल अवघे एकवीस वर्षांचे होते, आणि कारगिलांत ३ जुलै १९९९ रोजीं पडलेले मनोजकुमार पांडे चोवीस वर्षांचे. खेत्रपालांचें नांव संचलनाच्या मैदानास दिलेलें आहे. तीन वर्षांच्या शेवटीं ह्याच मैदानावर दीक्षांत संचलन होतें, व मुलें संथ पावलांनीं पुढें जाऊन शेवटचें पाऊल टाकतात. त्यास 'अंतिम पग' म्हणतात. तेथून भूदलाचीं मुलें डेहराडूनला, नौदलाचीं केरळांत एळिमलेस, वायुदलाचीं हैदराबादजवळ दुंडिगलला पुढील शिक्षणास जातात.

सगळ्या परंपरा जपण्यासारख्या असतात, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. वरच्या वर्गांतल्यांनीं खालच्यांस शिक्षा करण्याची चाल जगांतल्या बहुतेक सैनिकी विद्यालयांत मुरलेली आहे. कठोरपणा व छळ ह्यांमधली रेघ पुसट होते तेव्हां ती परंपरा म्हणवून घेण्यास पात्र राहत नाहीं. दुसरी गोष्ट पालकांनीं जाणून ठेवावी. शिक्षण चालू असतांना गंभीर जखम होऊन मुलगा घरीं परत आला, तर त्याची नेमणूक अधिकारी म्हणून झालेली नसल्यामुळें माजी सैनिकाचा दर्जा त्यास मिळत नाहीं. अशा मुलांच्या स्थितीची सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें आपण होऊन दखल घेतली. ज्या संस्थेचा पायाच शिपायांच्या स्मरणावर घातलेला आहे, तिच्या दारांत हा प्रश्न इतकीं वर्षें उभा राहावा, हें आम्हांस विसंगत वाटतें.

एक दार मात्र उघडलें. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील आदेशानें मुलींस प्रवेशपरीक्षेस बसतां आलें. २०२२ च्या ऑगस्टांत १९ मुली खडकवासल्यास आल्या, आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांपैकीं १७ जणींनीं मुलांच्या बरोबरीनें संचलन करून अंतिम पग टाकलें. सुदान ब्लॉकच्या उद्घाटनाचीही तारीख हीच होती.

मराठी मुलांनीं ह्या वाटेनें कांहींच केलें नाहीं, असा समज करून घेऊं नये. २०२१ च्या अखेरीस भूदलाचे प्रमुख जनरल मनोज नरवणे हे पुण्याचे, आणि वायुदलाचे प्रमुख विवेक राम चौधरी हे आमच्या मराठवाड्यांतल्या नांदेड जिल्ह्याचे होते. दोघेही खडकवासल्याचे. नरवणे तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रशालेंत शिकलेले. म्हणजे एका प्रबोधिनींतून दुसरींत!

ज्यांस विचार करावयाचा असेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती. लोकसेवा आयोग प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा वर्षांतून दोनदां घेतो. लेखी परीक्षेनंतर निवडमंडळापुढें पांच दिवस राहावें लागतें, व मग वैद्यकीय तपासणी. गणित चांगलें पाहिजे. इंग्रजी बोलतां आलें पाहिजे. आणि आमच्या अनुभवानें आपल्या मुलांचें घोडें अडतें तें बुद्धीशीं नव्हे, तर चारचौघांत तोंड उघडण्याशीं. शिक्षणाचा व राहण्याजेवण्याचा खर्च सरकार करतें. मुलींसाठीं आमच्या येथल्यासारखीच सेवापूर्व संस्था राज्यशासनानें २०२३ पासून नाशिक येथें चालविली आहे.

आमच्या आळींतील एका घरीं ह्या नाशिकच्या संस्थेवरून महिनाभर खल चालला होता. नात दहावीची, चुलते विरुद्ध, वडील गप्प, आई अर्धी राजी. आजीबाईंनीं आम्हांस बोलावून एकच विचारलें, "मास्तर, जेवायला वेळेवर घालतात ना?" दोन हजारांच्या पंगतीचें वर्णन आम्ही केलें. त्यांनीं तें लक्षपूर्वक ऐकलें. दुसऱ्या दिवशीं अर्ज भरला गेला. त्याची छापील प्रत मुलीनें देव्हाऱ्यापुढें नेऊन ठेवली, तेव्हां आजीबाईंनीं ती उचलून परत तिच्या हातीं दिली आणि म्हणाल्या, आधीं गणित कर.